'द ब्रेकअवे' : व्यावसायिक स्त्री-सायकलपटूच्या आत्मचरित्रातील श्रम, वेतन आणि संघ

सारांश

निकोल कुक या वेल्श सायकलपटूचे 'द ब्रेकअवे' हे आत्मचरित्र २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकन सायकलपटू व लेखिका कॅथ्रिन बर्टिन यांचा 'हाफ द रोड' हा माहितीपट आला. व्यावसायिक स्त्री-सायकलपटूचे जीवन हा दोन्ही कृतींचा विषय आहे. प्रस्तुत लेखात 'द ब्रेकअवे'चा मुख्यतः, तर 'हाफ द रोड'चा पूरक म्हणून विचार केला आहे. क्रीडापटूचे आत्मचरित्र विजयगाथा म्हणून वाचण्याची जी रूढ पद्धती आहे, ती या ग्रंथास अपुरी पडते. तो श्रमिक स्त्रीची साक्ष म्हणून वाचला असता त्याचे खरे महत्त्व लक्षात येते. मात्र ही साक्ष संघाच्या अग्रस्थानी असलेल्या स्त्रीची आहे. तिच्या विजयासाठी राबणाऱ्या सहकारी स्त्रीचे श्रम आत्मचरित्राच्या एकवचनी रूपात पूर्णपणे मावत नाहीत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आत्मचरित्र, क्रीडासाहित्य, स्त्रीश्रम, वेतन, संघभावना, रोड रेस

प्रस्तावना

क्रीडापटूंच्या आत्मचरित्रांकडे साहित्यसमीक्षेने फारशा गांभीर्याने पाहिलेले नाही. बालपणीची जिद्द, घरच्यांचा पाठिंबा, दुखापत, पराभव आणि अखेर सुवर्णपदक असा या लेखनाचा साचा ठरून गेल्यासारखा आहे. वाचकाला निष्पत्ती आधीच ठाऊक असते; उत्सुकता असते ती केवळ मार्गाची. त्यामुळे अशा ग्रंथांची दखल प्रेरणादायी वाङ्मय म्हणून घेतली जाते आणि तेथेच थांबते. खेळ हा जेव्हा उपजीविकेचा व्यवसाय होतो, तेव्हा त्या लेखनात करार, वेतन, मालक, सहकारी आणि शरीर यांचे परस्परसंबंधही येतात, हे बहुधा दुर्लक्षित राहते.

'द ब्रेकअवे' हा ग्रंथ या दुर्लक्षित अंगाकडे लक्ष वेधतो. निकोल कुक यांचा जन्म १३ एप्रिल १९८३ रोजी वेल्समधील स्वान्झी येथे झाला. १९९९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्या ब्रिटनच्या राष्ट्रीय रोड रेस विजेत्या झाल्या. २००० व २००१ या दोन वर्षांत त्यांनी कनिष्ठ गटाची चार जागतिक विजेतेपदे मिळविली. २००४ मध्ये इटलीतील स्त्रियांची 'जिरो' आणि २००६ व २००७ मध्ये फ्रान्समधील 'ग्रांद बूक्ल' या टप्प्यांच्या शर्यती त्यांनी जिंकल्या. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकचे सुवर्णपदक आणि त्याच वर्षी इटलीतील व्हारेसे येथे जागतिक विजेतेपद त्यांना मिळाले. हे दोन्ही सन्मान एकाच वर्षी मिळविणाऱ्या त्या पहिल्याच सायकलपटू होत. स्त्रियांतच नव्हे, तर पुरुषांतही. जानेवारी २०१३ मध्ये, तिसाव्या वर्षात असताना, त्या निवृत्त झाल्या.

एवढे यश मिळविलेल्या व्यक्तीचे आत्मचरित्र कृतार्थतेच्या सुरात संपावे, अशी अपेक्षा असते. या ग्रंथाचा सूर तसा नाही. तो का नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रारंभबिंदू आहे.

रोड रेसमधील कामाची रीत

ग्रंथाच्या आकलनासाठी या खेळाची अंतर्गत रचना प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. रोड रेस वरकरणी वैयक्तिक खेळ दिसते. अंतिम रेषा एक व्यक्ती ओलांडते आणि पदक तिच्याच गळ्यात पडते. प्रत्यक्षात मात्र तो संघाचा खेळ आहे. वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतांश शक्ती समोरचा वारा कापण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या चाकामागे राहिल्यास या शक्तीची मोठी बचत होते. या एका भौतिक वस्तुस्थितीतून खेळाची सारी समाजरचना उभी राहिली आहे. ज्यांनी वारा कापायचा त्या आणि ज्यांनी शक्ती राखून ठेवायची त्या, असे संघाचे दोन भाग पडतात.

संघाच्या प्रमुख खेळाडूसाठी काम करणाऱ्या सायकलपटूला फ्रेंचमध्ये 'डोमेस्टिक' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ घरातील नोकर असा आहे. मागून येणाऱ्या संघाच्या मोटारीपर्यंत जाऊन सर्वांसाठी पाण्याच्या बाटल्या आणणे, प्रतिस्पर्धी पुढे निसटल्यास पाठलाग करणे, प्रमुख खेळाडूची सायकल नादुरुस्त झाली तर स्वतःचे चाक किंवा सायकल तिला देणे, ती मागे पडली तर तिला पुन्हा मुख्य घोळक्यात आणून सोडणे, ही तिची कामे होत. शर्यतीच्या अखेरच्या भागात तिचे काम संपते आणि ती मागे पडते. निकालपत्रात तिचे नाव चाळिसाव्या किंवा सत्तराव्या क्रमांकावर असते. अनेकदा ती शर्यत पूर्णही करीत नाही. परंतु विजेती जेथे पोचते, तेथे तिला या सहकारी खेळाडूंनी पोचविलेले असते. बक्षिसाची रक्कम संघात वाटून घेण्याची या खेळातील जुनी प्रथा हीच गोष्ट मान्य करते.

मराठीत या भूमिकेसाठी 'घरगडी' हा शब्द सुचतो. स्त्रीच्या बाबतीत 'मोलकरीण'. या दुसऱ्या शब्दातील 'मोल' येथे विशेष लक्षणीय ठरते. मोलकरीण म्हणजे मोल घेऊन काम करणारी. स्त्रियांच्या सायकल शर्यतीत दीर्घकाळ अशी स्थिती होती की संघातील अनेक स्त्रिया मोलकरणीचे काम करीत होत्या, पण त्यांना मोल नव्हते. कुक यांच्या ग्रंथाची पार्श्वभूमी ही आहे.

'व्यावसायिक' या शब्दाचा प्रवास

ब्रिटनच्या बेरिल बर्टन यांचे 'पर्सनल बेस्ट' हे आत्मचरित्र १९८६ साली प्रसिद्ध झाले. 'द ब्रेकअवे'च्या शेजारी ते ठेवले असता काळाचा फरक स्पष्ट होतो. बर्टन या सात वेळा जागतिक विजेत्या होत्या. १९६७ मध्ये बारा तासांच्या शर्यतीत त्यांनी २७७.२५ मैल अंतर कापले आणि पुरुषांचा तेव्हाचा विक्रमही मागे टाकला. परंतु त्या आयुष्यभर हौशी खेळाडू राहिल्या. यॉर्कशायरमधील मॉर्ले येथे रुबार्बच्या शेतावर त्या अंगमेहनतीचे काम करीत. बर्टन यांच्या जीवनात श्रम आणि सायकल ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत. पोट शेतावर भरते. सायकल ही स्वतःची, स्वतःच्या खर्चाची असते. त्यामुळे तिच्याविषयी कोणाकडे तक्रार करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

कुक यांच्या पिढीत हे चित्र पालटले. सायकल हेच काम झाले. करार आले, प्रायोजक आले, संघाचे निवासस्थान आले, वर्षभराचे शर्यतींचे वेळापत्रक आले. म्हणजे व्यवसायाच्या साऱ्या अटी आल्या. व्यवसायाचे संरक्षण मात्र आले नाही. पुरुषांच्या वरिष्ठ संघांसाठी किमान वेतनाचा नियम असताना स्त्रियांच्या संघांसाठी तो नव्हता. सप्टेंबर २०११ मध्ये कोपनहेगन येथील जागतिक स्पर्धेच्या वेळी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचे (यूसीआय) तत्कालीन अध्यक्ष पॅट मॅक्वेड यांनी, स्त्रियांची शर्यत किमान वेतन लागू करण्याइतकी अद्याप विकसित झालेली नाही, अशा आशयाची भूमिका घेतली होती. विकास झाल्याशिवाय वेतन नाही आणि वेतन नसल्याने विकास नाही, असे हे चक्र होते.

या चक्राला इतिहास आहे. १९५५ मध्ये फ्रान्समध्ये स्त्रियांची टप्प्यांची शर्यत एकदा झाली व बंद पडली. १९८४ मध्ये पुरुषांच्या 'टूर द फ्रान्स'बरोबर स्त्रियांची शर्यत सुरू झाली. तिच्या पहिल्या विजेत्या मारियान मार्टिन या अमेरिकन खेळाडू होत्या. त्यांना करंडक व सुमारे १,००० डॉलर मिळाले. त्याच वर्षीचे पुरुष विजेते लोराँ फिन्याँ यांची रक्कम १,००,००० डॉलरहून अधिक होती. टूरच्या आयोजकांनी १९८९ नंतर स्त्रियांची शर्यत थांबविली. पुढे दुसऱ्या आयोजकाने चालविलेल्या शर्यतीस, नावाच्या हक्काच्या वादातून, 'टूर' हा शब्दही सोडावा लागला आणि ती 'ग्रांद बूक्ल' म्हणून ओळखली गेली. २००९ मध्ये ती अवघ्या चार टप्प्यांची उरली होती. त्यानंतर ती झाली नाही. कुक यांनी २००६ व २००७ मध्ये जिंकलेली शर्यत हीच. म्हणजे ज्या विजयाच्या पायावर खेळाडूची कारकीर्द उभी राहावी, तो पायाच खचत होता.

विजयगाथा की साक्ष?

'द ब्रेकअवे' हा ग्रंथ कालानुक्रमाने पुढे सरकतो. विक या वेल्श खेड्यातील बालपण, वडील व भावाबरोबरच्या सायकलफेऱ्या, शालेय वयातील शर्यती, इटलीतील संघांमधील उमेदवारी, दुखापती, ऑलिंपिक आणि निवृत्ती असा त्याचा क्रम आहे. वरवर पाहता हा रूढ साचाच आहे. परंतु सुरुवातीपासूनच त्यात दुसरा एक धागा येतो. तो म्हणजे संघटनेशी झालेला व्यवहार. मुलींसाठी राष्ट्रीय पातळीवर ट्रॅक शर्यतींचे गटच नाहीत, हे लहानपणी लक्षात आल्यावर वडिलांच्या मदतीने केलेला पाठपुरावा हा त्याचा आरंभ होय. पुढे वयाच्या अटीमुळे २००० च्या सिडनी ऑलिंपिकसाठी त्या पात्र ठरल्या नाहीत. निवड, प्रशिक्षक, साहाय्य आणि खर्च या प्रत्येक प्रश्नावर लेखिका आपली बाजू पुराव्यानिशी मांडत राहतात.

या लेखनपद्धतीमुळे ग्रंथाचा पोत दुहेरी झाला आहे. शर्यतीच्या वर्णनात वाक्ये वेग घेतात. चढण, वारा, प्रतिस्पर्ध्यांचे श्वास यांचा हिशेब क्षणाक्षणाने येतो. संघटनेच्या प्रकरणांत मात्र गद्य अर्जाचे, निवेदनाचे, प्रसंगी कैफियतीचे रूप घेते. तारखा, निर्णय, आश्वासने आणि त्यांचे भंग यांची नोंद होत जाते. केवळ ललित गद्य म्हणून वाचणाऱ्यास हा भाग लांबलेला वाटणे शक्य आहे. एकाच स्वरूपाच्या तक्रारी पुनःपुन्हा येतात, आणि समोरच्या पक्षाची बाजू समजून घेण्यास लेखिका फारशा थांबत नाहीत. हा दोष मान्य करावयास हवा.

परंतु हा दोष ज्या गरजेतून आला आहे, ती गरजच ग्रंथाचे सामर्थ्य आहे. साक्षीदार घटना सुंदर करून सांगत नाही. ती तपासता येईल अशी सांगतो. पुनरुक्ती ही साक्षीत वैगुण्य नसून पुष्टी असते. कुक यांच्या लेखनाचा उद्देश वाचकाला भारावून टाकणे हा नाही, नोंद ठेवणे हा आहे. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या संसदीय समितीपुढे त्यांनी खेळातील स्त्री-पुरुष भेदभावाविषयी व उत्तेजक द्रव्यांच्या प्रश्नाविषयी प्रत्यक्ष साक्ष दिली. 'द ब्रेकअवे'चे गद्य त्या साक्षीची पूर्वतयारी वाटावे असे आहे.

वेतन आणि शरीर

ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग वेतन आणि शरीर यांच्या संबंधाचा आहे. व्यावसायिक सायकलपटूचे भांडवल एकच, ते म्हणजे तिचे शरीर. ते दुखावले की करार धोक्यात येतो. करार धोक्यात आला की दुखावलेल्या शरीराने शर्यतीत उतरावे लागते. कुक यांच्या कारकिर्दीत गुडघ्याचे दुखणे वारंवार येते. विजेती असूनही हे भय त्यांना सुटत नाही.

याला जोडून येतो न मिळालेल्या वेतनाचा प्रश्न. करारात ठरलेले पैसे संघाने न देणे आणि ते मिळविण्यासाठी कायदेशीर मार्ग धरावा लागणे, हा अनुभव जागतिक दर्जाच्या खेळाडूस यावा ही बाब बोलकी आहे. जेथे अग्रस्थानी असलेल्या स्त्रीची ही स्थिती, तेथे तिच्यासाठी बाटल्या आणणाऱ्या स्त्रीची स्थिती काय असेल, हा प्रश्न वाचकाच्या मनात येतो. ग्रंथ त्याचे उत्तर पूर्णपणे देत नाही. पण तो प्रश्न निर्माण करतो.

तिसरा धागा उत्तेजक द्रव्यांचा. कारकिर्दीच्या आरंभीच संघाच्या निवासातील फ्रिजमध्ये औषधे आढळणे आणि ती तेथून हलविण्याचा तरुण खेळाडूने आग्रह धरणे, हा प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नैतिक धैर्याची कथा म्हणून तो सहज वाचता येतो. परंतु त्यात कामगाराच्या स्थितीचेही दर्शन आहे. परक्या देशात, परक्या भाषेत, मालकाने दिलेल्या घरात राहणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी नकार देते, तेव्हा ती केवळ औषध नाकारीत नसते. निवारा आणि रोजगार दोन्ही पणाला लावीत असते. निवृत्तीच्या निवेदनात कुक यांनी, फसवणुकीची कबुली देणारे पुस्तक लिहून एखादा पुरुष खेळाडू जे कमावील ते आपल्या प्रामाणिक श्रमाच्या साऱ्या वर्षांतील कमाईहून अधिक असेल, अशा आशयाची खंत व्यक्त केली होती. टायलर हॅमिल्टन यांच्या पुस्तकाचा त्याला संदर्भ होता. आत्मचरित्र हीदेखील बाजारातील वस्तू आहे आणि तेथेही प्रामाणिक स्त्रीचा भाव कमी आहे, ही जाणीव त्या उद्गारात आहे. पुढच्याच वर्षी त्यांचे स्वतःचे आत्मचरित्र आले, हे लक्षात घेता या जाणिवेला वाङ्मयीन महत्त्वही प्राप्त होते.

मराठी वाचकास येथे हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९७०) या आत्मकथनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्ही लेखनांची विश्वे सर्वस्वी भिन्न असली, तरी लोकांसमोर शरीराने काम करणारी, कमावती, नामवंत स्त्री आणि तिच्या कमाईवर तिची नसलेली सत्ता, हे सूत्र दोहोंत समान आहे. कीर्ती आणि स्वाधीनता या एकच गोष्ट नव्हेत, हे दोन्ही लेखिकांनी स्वानुभवातून सांगितले आहे.

'मी'ची मर्यादा

'ब्रेकअवे' म्हणजे मुख्य घोळक्यातून सुटून एकट्याने किंवा मोजक्यांसह पुढे निघणे. ग्रंथाचे हे नाव लेखिकेच्या स्वभावाला आणि कारकिर्दीला शोभणारे आहे. घोळका मागे टाकणे, म्हणजे संघटनेची चाकोरी मागे टाकणे, असा दुसरा अर्थही त्यातून सूचित होतो. परंतु या नावातच ग्रंथाची मर्यादाही दडलेली आहे. सुटून पुढे गेलेल्या खेळाडूस मागे काय चालले आहे ते दिसत नाही.

बीजिंगची शर्यत हे याचे उत्तम उदाहरण आहे. १० ऑगस्ट २००८ रोजी मुसळधार पावसात सुमारे १२६ किलोमीटरची ही शर्यत झाली. पुरुषांची शर्यत सुमारे २४५ किलोमीटरची होती. अखेरीस पाच जणी पुढे होत्या. निसरड्या शेवटच्या वळणावर कुक यांनी सावधपणे वेग कमी केला, त्या किंचित मागे पडल्या, आणि मग चढावर सर्वांना गाठून त्यांनी स्वीडनच्या एमा योहान्सन व इटलीच्या तातियाना गुदेर्झो यांच्यापुढे रेषा ओलांडली. त्या वळणावरचा निर्णय हा एका व्यक्तीचा आहे आणि आत्मचरित्र तो उत्कृष्टपणे सांगू शकते. परंतु त्याआधी संघसहकारी एमा पूली यांनी पुढे धाव घेऊन प्रतिस्पर्ध्यांना पाठलाग करावयास लावले होते. त्या पाठलागात इतरांची खर्च झालेली शक्ती हाही विजयाचाच भाग आहे. ती पदकात दिसत नाही आणि प्रथमपुरुषी कथनात तिला आपोआप जागा मिळत नाही. लेखिकेने कृतज्ञता व्यक्त केली तरी ती कृतज्ञताच राहते. ते श्रम करणाऱ्या स्त्रीचे कथन होत नाही.

या मर्यादेची दुसरी बाजू कोपनहेगन येथील २०११ च्या जागतिक शर्यतीत दिसते. तेथे ब्रिटिश संघाची धुरा तरुण लिझी आर्मिटस्टेड यांच्याकडे होती. अखेरच्या टप्प्यातील पडझडीनंतर कुक चौथ्या आणि आर्मिटस्टेड सातव्या आल्या. कुक यांनी संघासाठी काम केले की स्वतःसाठी, यावरून दोघींत जाहीर मतभेद झाले. कोणाची बाजू योग्य, हा निवाडा करणे समीक्षेचे काम नव्हे. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, विजेत्या खेळाडूकडे प्रथमच सहायिकेची भूमिका आली आणि ती पेलणे किती कठीण आहे ते या प्रसंगातून दिसले. आयुष्यभर जी स्वतःच्या न्यायासाठी एकटी झगडली, तिला दुसरीच्या विजयासाठी स्वतःचा विजय बाजूला ठेवावयाचा होता. 'द ब्रेकअवे'मध्ये हा ताण नायिकेवरील आणखी एका अन्यायाच्या अंगाने येतो. सहायिकेच्या स्थितीवरील चिंतन होण्याची शक्यता त्यात होती. ती पूर्णपणे साधली गेली नाही.

येथे कुक यांच्याविषयी एक गोष्ट नोंदविणे न्याय्य ठरेल. २००९ मध्ये त्यांनी स्वतःचा 'व्हिजन १ रेसिंग' हा संघ उभारला होता. उत्तेजक द्रव्यांपासून मुक्त आणि खेळाडूंशी प्रामाणिक असा संघ चालविण्याचा तो प्रयत्न प्रायोजकांअभावी वर्षभरातच थांबला. म्हणजे संघाचा विचार त्यांच्याकडे नव्हता असे नव्हे. त्याला व्यवहारात आधार मिळाला नाही.

'हाफ द रोड' : अनेक आवाजांची कृती

कॅथ्रिन बर्टिन यांच्या माहितीपटाचे रूप याच्या नेमके उलट आहे. त्यात एक नायिका नाही. मारियान व्होस, एमा पूली, क्रिस्टिन आर्मस्ट्राँग यांसारख्या अनेक स्त्रिया एकामागून एक बोलतात. शर्यतींचे कमी ठेवलेले अंतर, किमान वेतनाचा अभाव, बक्षिसांतील तफावत, प्रक्षेपण नसल्याने प्रायोजक नाहीत आणि प्रायोजक नसल्याने प्रक्षेपण नाही, असे प्रश्न एकेका मुलाखतीतून उलगडत जातात. स्त्रियांच्या संघाचे सरासरी वय २८ च्या आत असावे या तत्कालीन नियमाचा प्रश्नही त्यात येतो. वेतन नसल्याने ज्या स्त्रियांनी आधी शिक्षण व नोकरी करून उशिरा खेळात प्रवेश केला, त्यांनाच या नियमाने दार बंद होत होते.

बर्टिन या स्वतः जगज्जेत्या नव्हेत, हे या कृतीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. घोळक्याच्या मध्यभागातून पाहणारी व्यक्ती व्यवस्थेकडे अधिक सहज पाहू शकते. मात्र माहितीपटालाही मर्यादा आहेत. तो चळवळीसाठी केलेला असल्याने त्याचा निष्कर्ष आधीच ठरलेला आहे. त्यात बोलणाऱ्या स्त्रिया बव्हंशी नामवंत आहेत, आणि मुलाखतीच्या रूपात रोजच्या जीवनाचा तपशील टिकत नाही. पहाटेचा सराव, दिवसभराची मोटारगाडी, हॉटेलातील खोली वाटून घेणारी सहकारी, रात्री धुवायचे कपडे यांचा सलग अनुभव आत्मचरित्रच देऊ शकते. म्हणून या दोन कृती परस्परांना पूरक ठरतात. एकीत खोली आहे, दुसरीत व्याप्ती.

ग्रंथानंतरचे वास्तव

२०१३ मध्ये बर्टिन, व्होस, पूली आणि क्रिसी वेलिंग्टन या चौघींनी स्त्रियांसाठी 'टूर द फ्रान्स' सुरू करावी अशी मागणी करणारे निवेदन काढले. त्यास नव्वद हजारांहून अधिक स्वाक्षऱ्या मिळाल्या. परिणामी २०१४ मध्ये पॅरिसमध्ये स्त्रियांची एक दिवसाची शर्यत झाली. ती व्होस यांनी जिंकली. टप्प्यांची 'टूर द फ्रान्स फाम' सुरू होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तिची एकूण बक्षीस रक्कम २,५०,००० युरो आणि विजेतीची ५०,००० युरो होती. पुरुष विजेत्याची रक्कम ५,००,००० युरो होती.

वेतनाच्या बाबतीत अधिक मूलगामी बदल झाला. २०१३ मध्ये यूसीआयच्या अध्यक्षपदी निवडून आलेल्या ब्रायन कुक्सन यांनी किमान वेतनाचे आश्वासन दिले होते. २०१७ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत ते अमलात आले नाही. २०१७ च्या अखेरीस आयरिस स्लापेंडेल, कार्मेन स्मॉल व ग्रेसी एल्विन यांनी 'द सायक्लिस्ट्स अलायन्स' ही स्त्री-सायकलपटूंची संघटना स्थापन केली. २०२० पासून स्त्रियांच्या सर्वोच्च दर्जाच्या संघांसाठी किमान वार्षिक वेतन १५,००० युरो ठरले. २०२३ मध्ये ते ३२,१०२ युरो झाले. प्रसूतिरजेच्या काळात तीन महिने पूर्ण व पुढील पाच महिने अर्धे वेतन देण्याचे बंधन आले. आरंभी, २०२० मध्ये, या दर्जाचे संघ आठच होते. तळाच्या, कॉन्टिनेन्टल दर्जाच्या संघांना २०२५ मध्येही किमान वेतनाचा नियम लागू नव्हता. म्हणजे कुक यांच्या ग्रंथातील स्थिती इतिहासजमा झाली असे म्हणता येत नाही. ती एक पायरी खाली सरकली आहे.

या सुधारणांचे श्रेय देताना एक वाङ्मयीन प्रश्नही उभा राहतो. किमान वेतनाचा सर्वाधिक लाभ झाला तो विजेतीला नव्हे, सहायिकेला. विजेतीला पूर्वीही काही ना काही मिळत होते. परंतु या बदलाची कथा विजेत्या खेळाडूंच्या नावानेच सांगितली जाते, कारण ग्रंथ त्यांचेच आहेत. ज्या स्त्रीच्या जीवनात वेतनाने खरा फरक पडला, तिचे आत्मचरित्र लिहिले जाण्याची शक्यता आजही कमी आहे. प्रकाशकाला पदक हवे असते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) 'द ब्रेकअवे' हा ग्रंथ विजयगाथेच्या साच्यात सुरू होत असला, तरी त्याचे खरे स्वरूप साक्षीचे आहे. त्यातील पुनरुक्ती, तपशीलप्रियता व कैफियतीचा सूर हे या स्वरूपातून आलेले आहेत.

२) हौशी खेळाडूच्या आत्मचरित्रात श्रम आणि खेळ वेगळे राहतात; व्यावसायिक खेळाडूच्या आत्मचरित्रात खेळ हाच श्रम होतो. त्यामुळे अशा ग्रंथाचे मूल्यमापन करताना करार, वेतन व निवास यांचे तपशील हे दुय्यम न मानता कथनाचा गाभा मानावयास हवेत.

३) रोड रेस हा सामूहिक श्रमाचा खेळ आहे, तर आत्मचरित्र हे एकवचनी वाङ्मयरूप आहे. या दोहोंतील विसंगतीमुळे सहायिकेचे श्रम कथनाबाहेर राहतात. 'द ब्रेकअवे'ची ही मुख्य मर्यादा होय. मात्र ती लेखिकेइतकीच वाङ्मयप्रकाराचीही आहे.

४) 'हाफ द रोड' ही बहुवचनी कृती ही उणीव काही अंशी भरून काढते, पण दैनंदिन जीवनाची सलगता तिच्यात नाही.

५) २०२० नंतर किमान वेतनाच्या नियमाने सर्वोच्च संघांतील सहायिकेच्या श्रमाला 'मोल' प्राप्त झाले आहे. त्या श्रमाला शब्द मिळणे अद्याप बाकी आहे. निकालपत्रात सत्तराव्या क्रमांकावर असलेल्या स्त्रीने स्वतः लिहिलेले पुस्तक जेव्हा येईल, तेव्हा या खेळाचे आत्मचरित्र पूर्ण होईल. तोपर्यंत समीक्षेने विजेतीच्या ग्रंथातच तिच्या पुढे वारा कापणाऱ्या स्त्रीचा शोध घेत राहणे आवश्यक आहे.